मौनाच्या खोलीचं दार

बाईंनी डोळे उघडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नसे. पोरं ते पाळण्यातच शिकत. त्यामुळे त्या दुपारी इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर घरची माणसं जमली, पुढ्यातल्या चहावर साय धरली, खाली फाटकापाशी लोकांचा गलका वाढत चालला, तरी सगळी जणं बाईंच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत गप्प बसून राहिली.

सून खिडकीला पाठ टेकून उभी होती. बसायला खुर्ची होती, पण तिला बसवत नव्हतं. परवा याच इस्पितळात एक तरणीताठी बाळंतीण गेली होती. सिझेरियन बाईंनी स्वतः केलं होतं, भूल सुनेनं दिली होती. मूल सुखरूप होतं. आई मात्र पोटातल्या पोटात रक्त जाऊन कापसासारखी पांढरी पडली आणि संपली.

बाईंनी डोळे उघडले. सत्तरी उलटली तरी नजर सुईसारखी होती.

"बोल," त्या मुलाला म्हणाल्या.

मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, वकील होता. घरातही तो कोर्टात उभा असल्यासारखा बोलायचा. "उद्या चौकशीची माणसं येतील. त्यांचा प्रश्न एकच असणार. बाळंतिणीची तब्येत बिघडल्यावर सर्जनला वेळेवर का बोलावलं नाही? त्याला आपलं उत्तरही एकच हवं. चार तोंडांची चार उत्तरं झाली की आपण बुडालो."

"आणि ते एक उत्तर काय?" सुनेनं विचारलं.

"मोठ्या सिस्टर तिथं ड्यूटीवर होत्या. त्यांच्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी कुणाला बोलावलं नाही."

"त्यांना मी पाठवलं होतं," सून म्हणाली.

हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते बोललं गेल्यावर खोलीत चुळबुळ झाली. परवा सकाळी बाईंचं ऑपरेशन आटोपल्यावर सून लगेच दुसऱ्या केसला उभी राहिली होती. टेबलावर एक बाई पूर्ण बेशुद्ध, इस्पितळातल्या दुसऱ्या सर्जनचे दोन्ही हात तिच्या पोटात. तेवढ्यात मोठ्या सिस्टर थिएटरच्या दारात आल्या. पहिलीचं प्रेशर पडतंय, नाडी पळतेय, पोट फुगतंय. भूल दिलेलं माणूस सोडून सुनेला हलता येत नव्हतं. ती म्हणाली, "बाईंना आणा. आत्ताच्या आत्ता."

बाई मौनाच्या खोलीत होत्या.

त्या खोलीचं नाव दूरवर पोचलेलं होतं. रोज सकाळी बाई तिथं बसत, आणि ज्यांच्या हातात काम नसेल त्या डॉक्टर, नर्स, स्वयंपाकघरातल्या, झाडलोटीच्या, सगळ्या जणी त्यांच्याबरोबर डोळे मिटून बसत. एकदा दार लागलं की बाई उठेपर्यंत ते उघडायचं नाही. वर्तमानपत्रांत त्यावर लिहून यायचं. मोठमोठ्या हुद्द्यावरच्या बायका गाड्या करून यायच्या, घटकाभर बसून डोळे पुसत जायच्या. इस्पितळ औषधांवर चालतं, पण उभं आहे बाईंच्या मौनावर, असं लोक बोलत. ते अगदीच खोटं नव्हतं. बायकांनी बायकांसाठी चालवलेलं असं दुसरं ठिकाण त्या मुलखात नव्हतं.

"सिस्टरनी दार दोनदा वाजवलं," सून म्हणाली.

"असं त्या म्हणतात," वकील म्हणाला. "घाबरलेलं माणूस काहीही म्हणतं. आत पंधराएक बायका होत्या. एकीनंही ऐकल्याचं सांगितलेलं नाही." तो बहिणीकडे वळला. "तू तर दाराशी बसली होतीस. ऐकलंस?"

नणंद इस्पितळाचा सगळा कारभार बघायची. औषधांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत तिच्या हाताखालून गेल्याशिवाय काही हलत नसे. तिनं आधी आईकडे बघितलं, मग भावाकडे. "मौनात बसल्यावर बाहेरचं ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"मला तर मौनातच सगळं ऐकू येतं," कोपऱ्यातून मावशी म्हणाली. ती बाईंची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं, आणि आता या घरात विणकाम करत जीभ चालवायची. "शेजारणीचं पोट गुरगुरलेलं सुद्धा."

"तू होतीस का तिथं?" वकिलानं विचारलं.

"मला कुठलं आत घेतात. मी घोरते."

बाईंनी हात किंचित वर केला आणि मावशीच्या सुया थांबल्या.

"सिस्टरला कुणी वाऱ्यावर सोडणार नाही," बाई म्हणाल्या. "नदीपलीकडच्या आपल्या छोट्या दवाखान्यात ती राहील. तिथं तिला मान आहे. आणि दुसरं. ही चौकशी आटोपली की मी खुर्ची सोडणार. माझ्यामागे सून सगळं बघेल."

सुनेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. या घरात येऊन तिचे केस पिकायला लागले होते, पण बाईंनी तिला कधी 'आपली' म्हटलं नव्हतं. इस्पितळात तिला सगळे भूलवाल्या मॅडम म्हणत. घरात मावशी म्हणायची, या घरात भूल देणारी एकटी तू, बाकीच्या सगळ्या भुलणाऱ्या.

नणंद उठून उभी राहिली. "आणि मी?"

"तू डॉक्टर नाहीस."

"झाले असते. मी मेडिकलला बसणार होते तेव्हा तूच म्हणालीस, कारभाराला घरचं माणूस हवं."

"हो. आणि कारभार तू सोन्यासारखा केलास," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण इस्पितळ डॉक्टरच्या हातात राहील."

नणंद-भावजयीचं गूळपीठ सगळ्या घराला माहीत होतं. बाईंपुढे बोलायची सोय नव्हती म्हणून दोघी वर्षानुवर्षं एकमेकींपाशी बोलत आल्या होत्या. आता नणंदेनं सुनेकडे असं बघितलं, की जणू ही खुर्ची तिनंच मागून घेतली होती. ती बाहेर गेली. वकिलाच्या चेहऱ्यावर मात्र लपवून न लपणारं समाधान पसरलं होतं.

"आणि उद्या मी काय सांगायचं?" सुनेनं विचारलं.

"जे घर सांगेल ते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

जिन्यात नवऱ्यानं तिला गाठलं. "एवढं तोंड पाडायला काय झालं? उद्या तू इथली मालकीण आहेस. तुला जे बदलायचं ते बदल. दार काढून टाक वाटलं तर."

"एका बाईच्या गळ्यावर पाय देऊन?"

"सिस्टरची नोकरी जात नाहीये, अगं. बदली होतेय." तो जवळ आला. "आईनं हे कशातून उभं केलंय, तुला माहीत आहे. तिच्या म्हाताऱ्या हातात बेड्या घालून तुला काय मिळणार? ती मुलगी परत येणार आहे का?"

त्याचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं, आणि तोच त्रास होता. सून जिना उतरून खाली गेली.

मोठ्या सिस्टर कपड्यांच्या खोलीत होत्या. परीटघडीच्या चादरी मांडणीत रचत होत्या. ड्यूटीवरून त्यांना काढलेलं होतं, पण घरी जा असं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्या आल्या होत्या आणि कुणाच्या नजरेला पडणार नाही असं काम त्यांनी शोधून काढलं होतं. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना वण होता.

"तुम्हाला कळलं?" सुनेनं विचारलं.

"वकीलसाहेब बोलले सकाळी. गोडच बोलले." त्यांनी चादरीची किनार जुळवली. "नदीपलीकडे हवा चांगली आहे म्हणाले."

"सिस्टर, एक विचारते. रागावू नका. दार वाजवलंत, कुणी उघडलं नाही. मग ढकललं का नाहीत? त्या दाराला आतून कडी नाही."

सिस्टरचे हात थांबले. "माहीत आहे मॅडम. कडी कधी नव्हतीच. म्हणून तर ते उघडत नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं आहात इथं. तुम्ही तरी कधी ढकललंत?"

सुनेनं खालची एक चादर उचलून मांडणीत ठेवली.

"पहिल्यांदा वाजवलं आणि पळत परत आले. तिची नाडी लागेना. पुन्हा गेले. या वेळी जोरात वाजवलं. हाक मारली. बाई, म्हटलं, नुसतं बाई. हात दारावर होता माझा. आणि मॅडम, खोटं कशाला सांगू, त्या क्षणाला मला ती मुलगी आठवली नाही. मला वाटलं, बाई काय म्हणतील." त्यांनी चादर छातीशी धरली. "हा हात जळाला तेव्हा मी रस्त्यावर होते. घरचं, सासरचं, कुणी उभं करेना. बाईंनी आत घेतलं, शिकवलं, नर्सची टोपी घातली डोक्यावर. मला माणूस केलं त्यांनी. त्यांचं दार मी ढकलायचं?"

"उद्या खरं सांगाल?"

"तुम्ही सांगाल?"

"सांगेन."

"मग आधी तुम्ही बोला," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही घरच्या आहात. घरचं माणूस बोललं तर माझ्या बोलण्याला वजन येईल. नाहीतर मी काय, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतील."

सुनेनं मान हलवली. सिस्टरचा हात हातात घ्यावा असं तिला वाटलं, पण त्यात चादर होती.

संध्याकाळ व्हायच्या आत ती बाईंना भेटायला गेली. बाई मौनाच्या खोलीत एकट्या होत्या. दार पुढे ओढलेलं होतं. सून क्षणभर बाहेर थांबली, मग तिनं दार न वाजवता ढकललं. ते सहज उघडलं. भुईवर सतरंज्या अंथरलेल्या होत्या, भिंती कोऱ्या, एक उंच खिडकी. बाई खिडकीखाली बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. सुनेला बघून त्यांनी तो डाव्या हाताखाली झाकला.

"हे कधीपासून?" सुनेनं विचारलं.

"हिवाळ्यापासून. हातात चाकू असला की थांबतो." त्यांनी हाताकडे पाहिलं. "थांबायचा."

सून त्यांच्यासमोर खाली बसली. काय विचारायचं ते तिनं जिन्यात ठरवलं होतं, पण विचारायची वेळच आली नाही.

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा ऐकलं."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत लांब गेलं.

"पहिल्यांदा वाटलं, सिस्टर आहे. ती घाबरट नाही, काहीतरी असेल, उठावं. मग वाटलं, आज मी उठले तर उद्या कुणीही वाजवेल. औषध संपलं, पाणी आलं नाही, कुणाचा फोन आला." बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, पेशंटला आजार समजावून सांगतानाचा. "तुला हे कळायचं नाही. तुला दारं मिळाली. मी नवी नवी दवाखान्यात बसायला लागले ना, तेव्हा एक बाई तपासायला झोपवली होती. माझे सासरे पडदा सारून आत आले आणि तिच्यादेखत मला विचारलं, जेवण कधी वाढणार. ती बाई उघडी पडलेली. मी हातमोजे काढले आणि जाऊन वाढलं. मोठे डॉक्टर यायचे, माझं ऑपरेशन चालू असताना हातातली कात्री काढून घ्यायचे. कुणी वाजवून आत येत नव्हतं. बायकांच्या खोलीला दार असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. हे दार मी मिळवलंय. माझ्या मर्जीशिवाय न उघडणारं, जन्मातलं पहिलं."

"त्याच्या पलीकडे एक बाईच होती, बाई."

"माहीत आहे."

"तुम्ही नेहमी सांगता, आत बसलं की आतून आवाज येतो. काय करायचं ते तो सांगतो. परवा काय सांगितलं त्यानं?"

"बस म्हणाला." बाईंनी वर खिडकीकडे पाहिलं. "त्या आवाजानं मला कधी फसवलं नव्हतं. त्याच्या जोरावर मी हे सगळं केलं. परवापासून मी इथं येऊन ऐकतेय. तो माझाच आवाज होता की काय, तेच कळेनासं झालंय."

या बाईला आपण कधी इतकं जवळून पाहिलं नाही असं तिला वाटलं. "मग तेवढंच सांगा उद्या," ती म्हणाली. "तेवढं पुरे."

"ते सांगितलं की इथं काही उरत नाही. रोज किती जणी येतात, बघतेस ना? नवऱ्यानं मारलेल्या, बापानं टाकलेल्या. त्या औषधाला येत नाहीत. इथं एक बाई आहे जी चुकत नाही, म्हणून येतात. ती बाई मोडली की त्या कुठं जातील?" त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं. "तू भूल देतेस. माणसाला कापायचं तर आधी त्याला गुंगी द्यावी लागते. खरं बोलणारी माणसं एवढं विसरतात. खुर्ची घे. माझ्यापेक्षा चांगली चालव. हे एवढं एकदा गिळ."

"आणि सिस्टर?"

"ती माझं ऐकेल," बाई म्हणाल्या.

बाहेर मावशी भिंतीला टेकून उभी होती. सगळं ऐकल्याचं तिनं लपवलं नाही. "आमची आई सुईण होती," ती चालता चालता म्हणाली. "कळा सुरू झाल्या की बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसायची. अक्कानं, तुझ्या सासूनं, ते बसणं तिच्याकडून घेतलं. आईच्या वेळी त्याला खोली नव्हती एवढंच. बाळंतिणीच्या उशाशी बसायची ती. ओरडली बाई की डोळे उघडायची."

"हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत?"

"मी या घरचं अन्न खाते, बाळ," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला दोघं आली. एक कागद सांभाळणारा कारकून आणि एक अधिकारी बाई, इस्त्रीच्या कपड्यांतल्या, करारी चेहऱ्याच्या. सुनेला त्यांना बघून धीर आला. पण बाई समोर येताच अधिकारी बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांचा चेहरा शाळकरी पोरीसारखा झाला. "माझी दोन्ही बाळंतपणं इथलीच," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातची."

चौकशी मौनाच्या खोलीतच ठेवली होती. सगळ्यांना मावेल अशी तेवढीच एक जागा, असं वकिलानं सांगितलं. त्या दिवशी आत असलेल्या सगळ्या जणी आपापल्या नेहमीच्या जागी येऊन बसल्या. नणंद दाराशी. मोठ्या सिस्टर मागच्या भिंतीला लागून.

आधी बाई बोलल्या. ऑपरेशन नीट झालं होतं, पेशंट स्थिर होती, नंतरचं मला उशिरा कळलं. यातलं एकही वाक्य उघड खोटं नव्हतं. मग अधिकारी बाईंनी सुनेला विचारलं.

सून उभी राहिली. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी उडाली. "मी सिस्टरना बाईंकडे पाठवलं," ती म्हणाली. "पोट फुगतंय, आत रक्तस्राव होतोय, बाईंना आणा, असं सांगून पाठवलं. त्यांनी हे दार दोनदा वाजवलं. ते आत ऐकू आलं. बाई काल मला स्वतः म्हणाल्या, की त्यांनी ऐकलं. या सगळ्यांनी ऐकलं. बाई उठल्या नाहीत म्हणून कुणी उठलं नाही."

अंगावर वीज पडल्यासारखा तिचा नवरा तिच्याकडे बघत होता. बाकी कुणी मान वर केली नाही. स्वयंपाकघरातली एक बाई सतरंजीचा दोरा ओढत होती.

"कुणी ऐकलं का दार?" अधिकारी बाईंनी विचारलं. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, उत्तर नाही आलं तरी चालेल अशा बेतानं. उत्तर आलं नाही. त्या मोठ्या सिस्टरकडे वळल्या. "तुम्ही वाजवलंत?"

सिस्टर उठल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत काही चोरटं नव्हतं, उलट कसलीशी माया होती. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा उजवा हात झाकायचा राहिला होता आणि सगळ्यांदेखत थरथरत होता.

"मॅडमनी पाठवलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "त्या खरं बोलतात. पण मी गेले नाही. वाटलं, सलाईन वाढवून भागेल. मी दार वाजवलं नाही. त्यांना मी खोटं सांगितलं. चूक माझी."

"सिस्टर," सून म्हणाली.

"चूक माझी," सिस्टर पुन्हा म्हणाल्या.

सुनेनं बाईंकडे पाहिलं. बाईंचे ओठ विलगले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. दुखणं असेल, भीती असेल. आपण घडवलेलं माणूस आपल्यासाठी काय करायला तयार आहे, हे बघितल्याचं ते होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं फिरलं असतं. दाराशी नणंद अर्धवट उठली होती. तिचा चेहरा ओला होता. "आई," ती म्हणाली, "आई, मी..."

बाईंनी डोळे मिटले.

सवयीनं सगळ्यांनी मिटले. एकामागून एक, वाऱ्यानं दिवे जावेत तसे. कारकुनानं इकडेतिकडे बघितलं आणि त्यानंही मिटले. अधिकारी बाईंनी तर मान खाली घातली. नणंद पुन्हा खाली बसली, हुंदका गिळला, आणि तिच्याही पापण्या मिटल्या. त्या भरल्या खोलीत डोळे उघडे ठेवून सून एकटी उभी होती. श्वास तेवढे ऐकू येत होते. तिनं दाराशी काढलेल्या चपला हातात घेतल्या आणि ती बाहेर पडली.

खाली, लहान मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर गेलेल्या बाळंतिणीची आई बसली होती. ती नातवाला न्यायला आली होती. रापलेल्या चेहऱ्याची, कमरेत वाकलेली, आणि मूल असं धरून बसली होती की जणू कुणी हिसकावून नेईल. वकील येऊन समजूत घालतील, तोवर बसा, असं तिला सांगून ठेवलेलं होतं. सून तिच्याशेजारी बसली.

"तुमच्या मुलीला भूल मी दिली होती," ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही, खुर्चीचंसुद्धा.

आईनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी ऐकलं."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी पलीकडच्या खोलीत होते. दुसऱ्या बाईला भूल दिलेली होती. सोडून येता येत नव्हतं."

"ती वाचली का?"

"वाचली."

आईनं मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. मग मुलाच्या कपाळाकडे बघत राहिली. "तिचा नवरा म्हणत होता, सरकारी दवाखान्यात जाऊ. ती हटून बसली. तिथं सगळ्या बायकाच आहेत म्हणाली, आपलं दुखणं सांगावं लागत नाही. मीच म्हटलं, जा. तिच्या नवऱ्याला मी काय सांगू आता?" तिनं सुनेकडे पाहिलं. "आणि तुम्ही हे मला कशाला सांगितलंत? मन हलकं करायला?"

"वर सांगितलं. कुणी मानलं नाही."

"मग मी याचं काय करू?"

सून म्हणाली, "तुम्ही जिथं म्हणाल तिथं मी येईन. जितक्या वेळा म्हणाल तितक्या वेळा सांगेन."

"चला मग," आई उठली. "आत्ताच चला. उद्या तुमच्या घरचे तुम्हाला समजावतील."

ती खरं बोलत होती. जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजत होतीच. सून फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्यानं वरून हाक मारली, रागानं नाही, काकुळतीनं. लोकांनी वाट दिली. कुणीतरी म्हणालं, ही त्याच घरातली, आणि एक जण तिच्या पायापाशी थुंकला. पोलीस चौकी दोन चौक पुढे होती. रस्ताभर आई पुढे चालत होती, सून दोन पावलं मागे.

चौकीत त्यांना बाकावर बसवलं. पलीकडच्या टोकाला एक म्हातारा सायकल हरवल्याची तक्रार घेऊन बसला होता. बऱ्याच वेळानं, तक्रार लिहून झाल्यावर, टेबलामागच्या शिपायानं आईला सहीसाठी बोलावलं. तिचे दोन्ही हात मुलात गुंतलेले होते. सुनेनं हात पुढे केले. मूल घ्यायची तिची रोजची सवय होती, हात आपोआप पुढे झाले.

आईनं त्या हातांकडे पाहिलं. मग ती वळली, मूल त्या सायकलवाल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं, "मान सांभाळा," म्हणाली, आणि सही करायला पुढे गेली.